रात्री वीज कुठून येते? – घाटावरच्या तळ्यांची गोष्ट

स्मरणिका समितीने मला ‘आपल्या गच्चीवरच्या सोलरबद्दल काहीतरी लिहा’ म्हणून सांगितलं. सोलरबद्दल लिहायचं तर दोन पानंही लागत नाहीत: वीस किलोवॅटची पॅनेलं आहेत, चांगल्या उन्हाच्या दिवशी ऐंशीच्या आसपास युनिटं होतात, आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल आता पूर्वीसारखं डोळ्यांवर येत नाही. पण पॅनेलं बसल्यापासून लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, ‘काका, रात्री काय?’ नोकरीची सगळी वर्षं विजेच्या खात्यात गेल्यामुळे लोकांना वाटतं, मला याचं उत्तर एका वाक्यात देता येईल. येत नाही. त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या मलंगगडाच्या पलीकडे, घाटमाथ्यावर घडलेला आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नेट मीटरिंगमुळे आपण दुपारी ‘दिलेली’ वीज कुठेतरी जमा होते आणि रात्री ‘परत’ मिळते, असं पुष्कळांना वाटतं. जमा होतो तो फक्त हिशेब. आपण दुपारी एक वाजता सोडलेलं युनिट त्याच क्षणी समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी फ्रीजमध्ये खर्च होतं. रात्री आपल्याला मिळतं ते युनिट त्याच क्षणी दुसरीकडे कुठेतरी तयार होत असतं. तारेमध्ये वीज साठत नाही. जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती, सेकंदासेकंदाला. त्यामुळे खरा प्रश्न साठवणीचा आहे.

आणि साठवणीचा प्रश्न मुंबईला सोलरच्या कितीतरी आधी पडला होता, पावसामुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, आणि धुराने शहर काळवंडायचं. घाटावर मात्र लोणावळ्याच्या परिसरात धो धो पाऊस पडतो आणि खाली कोकणात उतरायला पाचशे मीटरचा सरळ कडा. हे पाणी वापरून वीज करावी ही कल्पना डेव्हिड गोस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या एका आर्किटेक्टने मांडली आणि जमशेदजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेदजी १९०४ साली वारले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, त्यांच्या मुलांच्या काळात. अडचण अशी, की पाऊस चार महिने आणि गिरण्या बारा महिने. म्हणून लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी बांधली. आज आपण तिथे चिक्की घेऊन फोटो काढतो, पण ती तळी म्हणजे मुळात पावसाळ्यातली वीज उन्हाळ्यापर्यंत पुरवून ठेवण्याची कोठारं. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. कड्यावरून खाली उतरणारे ते जाड नळ खोपोलीत आजही दिसतात. यंत्रं बदलली, तळी तीच आहेत.

मागोमाग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. तिन्ही ठिकाणी युक्ती एकच: जे पाणी पूर्वेला वाहून भीमेत आणि पुढे कृष्णेत गेलं असतं, ते अडवायचं, बोगद्यातून कड्यावर आणायचं आणि पश्चिमेला कोकणात सोडायचं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिऱ्याचं कुंडलिकेत, आणि भिवपुरीचं आपल्या उल्हास नदीत.

‘आपल्या’ असं मुद्दाम म्हटलं. भिवपुरी रोड हे कर्जत लोकलचं एक स्टेशन, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची ओळख. पण मार्च-एप्रिलमध्ये उल्हास नदीत जे पाणी असतं, त्यातलं बरंचसं आंध्र नदीवरच्या ठोकरवाडी धरणातून, भिवपुरीच्या टर्बाइनमधून फिरून आलेलं असतं. कल्याण-डोंबिवलीचं पाणी उल्हासमधून उचलतात. म्हणजे मुंबईला वीज देऊन झाल्यावर तेच पाणी आपण पितो. ज्या पंचवीस वर्षांचा आपण उत्सव करतो आहोत, त्या पंचवीस वर्षांत आपली टाकी भरत आली त्यात या शंभर वर्षं जुन्या व्यवस्थेचा वाटा आहे, आणि सोसायटीच्या एकाही सभेत त्याचा उल्लेख झाल्याचं मला आठवत नाही.

जाता जाता शेजारच्या ठाकुर्लीची आठवण. तिथलं चोळे पॉवर हाऊस रेल्वेने १९२९ मध्ये सुरू केलं, लोकलसाठी. ते कोळशावरचं. आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना त्याचा धूर आणि भोंगा आठवत असेल. ते एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडलं. त्याच्याहून वयाने मोठं असलेलं खोपोली चालू आहे.

मात्र या तळ्यांची किंमत कुणी दिली ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. भिऱ्याला पाणी पुरवणारं धरण मुळशीचं. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातली भाताची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या मावळ्यांनी कसलेली, पाण्याखाली जाणार होती. बाधित होणारी गावं पन्नासच्या घरात. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या कामावर जाऊन बसून सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते, आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. शेकडो मावळे, त्यांत बायकाही, तुरुंगात गेले. धरणांविरुद्धची आंदोलनं आपण नंतरच्या काळातली समजतो. मुळशीचं त्या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं.

त्यात एक गोष्ट मला कायम टोचते. मुळशी पेट्यातल्या बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणारे मावळे एक, मालक दुसरे. नुकसानभरपाई ठरली तेव्हा मालकांनी ती घेतली आणि लढ्यातलं बळ गेलं. बापट तरी थांबले नाहीत. १९२४च्या अखेरीस रेल्वेगाडी अडवण्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच. मुंबईला वीज मिळाली, आणि तो लढा हरलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं आज त्याच तळ्याच्या काठी राहतात. विकासाला विरोध केला म्हणून त्या माणसांना वेड्यात काढणं सोपं आहे. त्यांची मागणी मात्र साधी होती: आमची जमीन आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

स्वातंत्र्यानंतर आलं कोयना. हे सरकारने बांधलं, सबंध राज्यासाठी, आणि आपल्या घरात आज येणाऱ्या विजेशी त्याचा थेट संबंध आहे. पोफळीजवळ डोंगराच्या पोटात वीजघर आहे. पहिलं यंत्र १९६२ साली सुरू झालं. शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावतं. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारनंतर भूकंप झाला. जवळपास पावणेदोनशे माणसं गेली, कोयनानगर उद्‌ध्वस्त झालं, धरणाला तडे गेले; पण धरण टिकलं. वीजघरं थांबली तसा मुंबईचा पुरवठा कोलमडला. एका डोंगरावर किती अवलंबून आहोत हे शहराला त्या दिवशी कळलं.

कोयनेबद्दल सगळ्यांना भूकंप माहीत असतो. माझ्या मते तिची खरी नवलाची गोष्ट चौथ्या टप्प्याची आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे वीज किती करायची याला छप्पर बसलं. तरीही १९९९-२००० मध्ये २५० मेगावॅटची चार नवी यंत्रं बसवली, एकूण १००० मेगावॅट. पाणी तेवढंच असताना यंत्रं कशाला? तर पाणी जास्त वेगाने वापरता यावं म्हणून! बारा तास बारीक धार सोडण्यापेक्षा ज्या तीन-चार तासांत गरज आहे तेव्हा मोठी धार सोडायची. संध्याकाळी सातला सगळ्या महाराष्ट्रात दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हासाठी. चौथ्या टप्प्याने एक थेंबही जादा पाणी आणलं नाही, फक्त वेळ बदलली. पाण्याकडे ‘वीज’ म्हणून बघण्याऐवजी ‘वेळेवर मिळणारी वीज’ म्हणून बघायला आपलं राज्य तिथे शिकलं.

त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला. ‘लेक टॅपिंग’ म्हणतात ते हेच. आशियात ते तेव्हा प्रथमच झालं. आमच्या खात्यात त्या दिवशी काम कुणाचं होत नव्हतं, सगळ्यांचे कान कोयनेकडे. पुढच्याच वर्षी, २००० साली, आपल्या सोसायटीची नोंदणी झाली. म्हणजे चौथा टप्पा आणि आपण एकाच वयाचे. अर्थात त्यानंतरही आपण लोडशेडिंग भोगलंच. मेणबत्त्या, इन्व्हर्टर, आणि लिफ्ट बंद म्हणून सातव्या मजल्यावर चढवलेले भाजीचे पिशवे कुणी विसरलेलं नसेल. राज्यात वीजच कमी होती. कोयना कमी पडत होती म्हणून नव्हे, ती होती म्हणून निदान अंधाराचे तास आवाक्यात राहिले.

जलविद्युत इतकी महत्त्वाची का, हे नीट समजायचं असेल तर ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. करोनाची टाळेबंदी होती. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायचं आवाहन होतं आणि आपण सगळे गॅलरीत उभे होतो. बाहेर सुंदर दिसत होतं. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रात मात्र माणसांचा श्वास अडकला होता. वीजजाळ्याचा ठोका सेकंदाला पन्नास, म्हणजे ५० हर्ट्‌झ. मागणी एकदम कोसळली की तो वाढतो, मागणी उसळली की घसरतो, आणि फार हलला तर यंत्रं स्वतःला वाचवायला बाजूला होतात व अंधार पसरत जातो. त्या रात्री देशाची मागणी वीसेक मिनिटांत सुमारे १,१७,००० मेगावॅटवरून ८६,००० पर्यंत खाली आली. एवढी घट कोळशाच्या केंद्रांना झेपत नाही. बॉयलर म्हणजे काही गॅसची शेगडी नव्हे, की बटण फिरवलं आणि आच कमी. ते काम पाण्याने केलं. जलविद्युत निर्मिती साडेपंचवीस हजार मेगावॅटवरून आठ हजारांपर्यंत उतरवली, आणि दिवे परत लागायला लागले तशी पुन्हा चढवली. आपण पणत्या विझवून आत आलो, पंखा लावला, तो लागला. कुणाला काही कळलं नाही. आमच्या धंद्यात कुणाला काही न कळणं हीच शाबासकी.

आता तीच उलथापालथ रोज होऊ लागली आहे, फक्त सावकाश. सूर्य दुपारी भरभरून देतो आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला निघून जातो, नेमकी मागणी वाढायच्या वेळी. सोलर जितकं वाढेल तितका हा उतार तीव्र होत जाणार. कोयनेचं पाणी तो उतार भरून काढतं, पण मर्यादा ६७.५ टीएमसीची. एकदा वशिष्ठीत गेलेलं पाणी परत येत नाही.

की आणता येईल? आपण रोज आणतोच की! तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत. दुपारी वीज जादा असताना खालच्या तळ्यातलं पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची, याला आमच्या भाषेत पंप स्टोरेज म्हणतात आणि सरकारी मराठीत उदंचन. (शब्द मला आवडतो. उदंचन म्हणजे वर उपसणं.) यात तोटा होतोच, शंभर युनिटं खर्चून पाणी चढवलं तर पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. दुपारी वाया जाणाऱ्या शंभरांपेक्षा संध्याकाळची पंचाहत्तर केव्हाही चांगली.

मग आपल्याच टाकीवर टर्बाइन बसवायला काय हरकत आहे, असं एका हुशार मुलाने मला विचारलं. आम्ही बसून हिशेब केला. पन्नास हजार लिटरची टाकी, पंचवीस मीटर उंचीवर: सगळं पाणी खाली सोडलं, कुठे काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी साडेतीन युनिटांच्या आतच वीज मिळते. एक एसी तीन-चार तास. तेच पन्नास हजार लिटर पाचशे मीटरच्या कड्यावरून सोडलं, तर यंत्रातला तोटा धरूनही साठ युनिटं. उंचीचा खेळ आहे. म्हणून डोंगर लागतो, आणि पश्चिम घाटासारखा उभा कडा असलेला डोंगर फार थोड्या शहरांच्या इतक्या जवळ असतो.

महाराष्ट्रात याची सुरुवात लहान झाली. पैठणला जायकवाडीवर १२ मेगावॅटचं उलट-सुलट चालणारं यंत्र १९८०च्या दशकातच बसलं. नव्वदच्या दशकात भिऱ्याला १५० मेगावॅटचं आलं. ते वापरलेलं पाणी पुन्हा मुळशीच्या तलावात चढवू शकतं. आणि २००८ मध्ये घाटघर, आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या वेशीवर. वरचं धरण भंडारदऱ्यामागे अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला, मधे चारशे मीटरच्या वरचा कडा, डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. पावसाळ्यात घाटघरचं धुकं बघायला जाणाऱ्यांनी पायांखाली काय चाललंय याचाही विचार करावा. घाटघर बांधलं तेव्हा पाणी चढवायचं रात्री, कारण कोळशाची वीज रात्री शिल्लक राहायची. आता शिल्लक दुपारी असते. यंत्र तेच, घड्याळ उलटं झालं.

आता पुन्हा सगळ्यांचं लक्ष घाटाकडे गेलं आहे. २०२३ मध्ये भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॅटच्या पंप स्टोरेजसाठी टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. शंभर वर्षांपूर्वीची तीच नावं! इतर अनेक कंपन्यांचे प्रस्ताव घाटात ठिकठिकाणी आहेत. मी या तंत्राच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. लिथियमच्या बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, क्षणार्धात प्रतिसाद देतात, दोन-चार तासांचं काम त्या उत्तम करतील. पण त्या दहा-पंधरा वर्षांत थकतात, आणि सहा-आठ तास हजारो मेगावॅट धरून ठेवायला डोंगरासारखा गडी नाही. शिवाय पाणी तेच ते फिरत राहतं, त्यामुळे कोयनेएवढा जलाशय लागत नाही.

तरी बोगदे, रस्ते आणि तळी जंगलातच होणार, आणि त्या जंगलात वस्त्या आहेत. कोयनेच्या धरणग्रस्तांना सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगवलं गेलं. जमिनीच्या हक्कासाठी त्यांची आंदोलनं आपल्या सोसायटीच्या या पंचवीस वर्षांतही झाली आहेत, धरण होऊन अर्धशतक उलटल्यावर. आपल्या फ्लॅटचं कन्व्हेयन्स अडलं होतं तेव्हा आपण किती अस्वस्थ होतो, किती चकरा मारल्या, ते आठवा. तिथे तर सातबारावर नाव लागण्यातच पिढ्या गेल्या. नवीन तळी बांधण्याआधी जुन्यांचा हिशेब पुरा करणं हा वीज क्षेत्राचाच प्रश्न आहे, कारण एकदा विश्वास गेला की पुढचा प्रत्येक प्रकल्प मुळशीसारखा रखडतो आणि ज्यांना वीज हवी तेही अंधारात राहतात.

समितीने शब्दमर्यादा दिली होती, ती केव्हाच ओलांडली आहे, तेव्हा शेवटी एक व्यवहाराचं. आपला पंप वॉचमन पहाटे पाचला चालू करतो, कारण पंचवीस वर्षं तसंच चालत आलंय. रोज सात-आठ युनिटं, आणि तीही सूर्य नसताना. पंपाला साधा टायमर लावून हे काम दुपारी बारा ते तीनमध्ये केलं, तर ती वीज सरळ गच्चीवरून मिळेल. तळटाकीत सकाळी आलेलं पाणी तोपर्यंत थांबू शकतं, आणि वरची टाकी सकाळच्या घाईसाठी आदल्या दुपारपासून भरलेली राहील. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर सवलतही मिळते, तेव्हा वॉशिंग मशीन आणि इस्त्रीचंही तेच बघा. पाणी कमी येणाऱ्या मंगळवारी काय करायचं, एवढीच एक अडचण मला दिसते; त्यावर बी विंगच्या मंडळींनी उपाय सुचवला आहे. टायमरचं कोटेशन सेक्रेटरींकडे दिलं आहे. येत्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात.